चित्रकलेचा तास

ऑक्टोबर उजाडतो तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्यात कोणालाच सवड नसते. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे रब्बी ज्वारीच्या पेरण्या चालू असतात. सोयाबीन आणि बाजरी काढणीला आलेली असते, कांद्याच्या लागणीला मजूर मिळत नाहीत. साखर कारखान्यांत गाळपाची तयारी सुरू होते आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे डोळे मुकादमाच्या निरोपाकडे लागलेले असतात. शाळांत सहामाहीची धांदल, बाजारपेठेत सणांची गर्दी, घरोघरी आवराआवर. नेमक्या याच महिन्यात जगभरचे असंख्य चित्रकार, विद्यार्थी आणि हौशी माणसे रोज एक चित्र काढण्याचा नेम धरतात.

या नेमाची सुरुवात अमेरिकेतली. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ साली, शाईने काम करताना आपला हात कमी पडतो असे वाटून, ऑक्टोबरचे एकतीस दिवस रोज शाईचे एक चित्र काढायचे ठरवले. ‘इंकटोबर’ या नावाने तो नेम देशोदेशी गेला. २०१६ पासून रोजच्या चित्रासाठी एकेका शब्दाची यादीही निघू लागली. आपल्याकडची कला महाविद्यालयांतली मुले, शाळांमधले कलाशिक्षक, नोकरी-धंदा सांभाळून वही उघडणारी माणसे आता त्यात उतरतात. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात एखादी दांडी पडते. तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते आणि कारण सगळ्यांचे एकच असते, वेळ मिळाला नाही.

हे कारण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. या जिल्ह्यातल्या माणसाला वेळ नाही हे उघड्या डोळ्यांना दिसते. पण सवड मिळाली की चित्र काढू, हा जो समज त्यामागे आहे, तो मात्र तपासून पाहायला हवा. रोज चित्र काढण्याची चाल सवड असलेल्या माणसांनी पाडलेली नाही. ती कामात बुडालेल्या माणसांनी पाडली, चालवली आणि टिकवली. आणि त्याचे पुरावे शोधायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही; संगमनेरपर्यंत गेले तरी पुरे.

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तशाच वस्त्या सापडल्या आणि त्या साऱ्या संस्कृतीला या गावाचेच नाव मिळाले. जोर्वे संस्कृती ओळखायची ती तिच्या खापरांवरून. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, वाजवली तर खणखणीत आवाज देणारी तांबडी भांडी आणि त्यांवर काळ्या रंगाने ओढलेल्या रेषा. समांतर रेघा, तिरप्या रेघांची जाळी, चौकटी, त्रिकोण. कंगोरा असलेले वाडगे, तोटीचे लोटे, म्हणजे रोजच्या जेवणाखाणाची, पाण्याची भांडी. रेषा ओढल्याने त्यांत पाणी जास्त मावणार नव्हते की धान्य जास्त टिकणार नव्हते. तरीही पेरणी, राखण, गुरेढोरे हे सारे उरकणाऱ्या त्या वस्तीतल्या हातांनी ती रेघ ओढली. एकदा सणापुरती ओढली आणि सोडली असेही झाले नाही, पिढ्यान्‌पिढ्या ओढली. आज संग्रहालयाच्या काचेआड त्यातले एखादे खापर दिसले तर जवळ जाऊन पाहावे. कुंचला कुठे टेकला, कुठे रंग संपत आला, कुठे शेजारच्या रेघेला जरासा लागला, हे तीन हजार वर्षांनंतरही कळते. ती घाईत ओढलेली, सरावलेल्या हाताची रेघ आहे.

खापरावरची ती रेघ पुढे अंगणात आणि उंबऱ्याशी दिसते. चातुर्मासात गोपद्मांचे व्रत घेणारी बाई आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज तेहतीस गोपद्मे काढते. गाईच्या खुराची ती छोटी आकृती रांगोळीने एकामागून एक उमटत जाते. हिशेब मांडला तर एका चातुर्मासात ती संख्या चार हजारांच्या घरात जाते. व्रत पाच वर्षांचे. म्हणजे उद्यापनापर्यंत वीस हजारांच्या आसपास आकृत्या एका हातून निघतात. चैत्रात गौर बसली की अंगणात चैत्रांगण येते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत ते रोज नव्याने काढले जाते. गौरीचा झोपाळा, सूर्य-चंद्र, शंख, कमळ, तुळशीवृंदावन, स्वस्तिक, कासव, नाग अशी कितीतरी चिन्हे, आणि तीही ठरलेल्या जागी. महिनाभर, दररोज, ठरलेल्या विषयांवर, न चुकता. ऑक्टोबरच्या आव्हानाची सगळी कलमे आपल्या आज्यांच्या अंगणात आधीच लागू होती.

त्या बायांकडे वेळ होता असे कोणी म्हणू नये. पहाटे उठून जात्यावर दळण, पाणी, सडा, गोठा, न्याहारी आणि मग शेत. त्या दिवसातून त्यांनी रांगोळीसाठी जी काही मिनिटे काढली, ती कोणी त्यांना दिलेली नव्हती. सड्यानंतर आणि चूल पेटण्याआधी अशी त्यांची जागा दिवसाच्या क्रमात पक्की होती, म्हणूनच ती मिळाली. आज रांगोळी चांगली येईल का, असा प्रश्न त्यांना पडत नसे. सडा झाला की रांगोळी, एवढेच ठरलेले असे. बिघडली तर उद्या पुन्हा अंगण सारवायचेच होते.

उलट, वेळ भरपूर असला म्हणजे काम आपोआप होते असेही नाही, याची साक्ष अहिल्यानगर शहरातल्या भुईकोट किल्ल्याने दिली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथे आणून कोंडले गेले. जवाहरलाल नेहरू त्यांत होते. सभा नाहीत, दौरे नाहीत, भेटायला येणारा कोणी नाही. तुरुंगात बसून पुस्तके लिहिण्याची त्यांची सवय जुनी. तरीही ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या अगदी आरंभी तारीख आहे ती १३ एप्रिल १९४४ ची, आणि इथे येऊन वीस महिने उलटून गेल्याची नोंद तिथेच आहे. ते वीस महिने वाचनात गेले, बागेची माती खणण्यात गेले, चिंतनात गेले. ते वाया गेले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण पुस्तक लिहायला बसले तेव्हा एप्रिल ते सप्टेंबर अशा पाचच महिन्यांत एवढा मोठा ग्रंथ हातावेगळा झाला. दिवस तेच होते, भिंती त्याच होत्या. बसण्याचा निश्चय तेवढा नवा होता. जगातला सर्वांत मोकळा वेळ ज्याच्या वाट्याला आला, त्यालाही अखेर बसावेच लागले. तर दिवसाकाठी पंधरा मिनिटे मिळण्याची मारामार असलेल्या माणसाने सवडीची वाट का पाहावी?

रोजचे चित्र ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेले होते त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून पन्नासहून अधिक वर्षे दैनिकासाठी चौकट रेखाटली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि वर्षानुवर्षे रोज सकाळी मराठी घरांत हजर राहिला. व्यंगचित्रकाराला आज सुचले नाही असे सांगण्याची सोय नसते. रात्री पान लागते, त्याआधी चित्र जावे लागते. या सक्तीने त्यांची कला आटली नाही. उलट, रोज द्यायचे आहे म्हटल्यावर डोळा दिवसभर विषय टिपत राहिला, आणि चौकट लहान होती म्हणून हात नेमका झाला.

या साऱ्यातून रोज चित्र काढू पाहणाऱ्याला काही साध्या गोष्टी घेता येतात. पहिली गोष्ट मापाची. चित्र पोस्टकार्डाएवढे असावे, त्याहून मोठे नको. मोठा कागद मोठा वेळ मागतो आणि मोठा वेळ मिळाला नाही की चित्र उद्यावर जाते. दुसरी गोष्ट जागेची. चित्राला दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या कामाच्या पाठीला बांधून टाकावे. डेअरीला दूध घालून आल्यावर, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर, माळीवाडा स्टँडवर गाडी लागेपर्यंत, मुलांचा अभ्यास चालू असताना त्यांच्या शेजारी बसून. जे काम रोज होतेच, त्याच्या मागोमाग चित्र आले की ते वेगळे आठवावे लागत नाही. तिसरी गोष्ट साधनाची. खिशातले बॉलपेन पुरते. शाई खोडता येत नाही, हाच तिचा मोठा गुण. चुकलेली रेघ तशीच ठेवून पुढची ओढावी लागते आणि खोडण्यात जाणारा निम्मा वेळ वाचतो. चौथी गोष्ट विषयाची. उद्या काय काढायचे ते आज रात्रीच ठरवून ठेवावे. कोऱ्या कागदासमोर बसून विषय शोधण्यात जी मिनिटे जातात, तेवढ्यात चित्र होऊन जाते.

विषयांची यादी परक्या शब्दांचीच हवी असे कुठे आहे? या जिल्ह्याचा एकेक दिवस कागदावर उतरवायला घेतला तर एकतीस दिवस कमी पडतील. दुधाची किटली. ज्वारीचे कणीस. चुलीवर उलटलेली भाकरी. कांद्याची चाळ. उसाने भरलेली टायरगाडी आणि तिच्या जुवाखाली मान घातलेला बैल. नेवाशाचा पैस खांब. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे शिखर. रेहेकुरीच्या माळावरचा काळवीट. माळीवाड्याची वेस. चार्जिंगला लावलेल्या मोबाइलशेजारी ठेवलेला चष्मा.

कोयताच घ्या. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतके ते हत्यार त्या आयुष्याशी एकजीव झालेले आहे. बातम्यांत, भाषणांत, आंदोलनांच्या फलकांवर तो आपण शेकडो वेळा पाहिलेला असतो. आता तो समोर ठेवून काढायला बसा. पहिल्या झटक्यात हात डोक्यातला कोयता काढतो आणि तो कोयता निशाणीसारखा दिसतो, समोरच्या वस्तूसारखा दिसत नाही. मग नजर वर जाते. पात्याचा बाक आपल्याला वाटला तिथून सुरू होत नाही. धार सगळीकडे सारखी नाही. जिथे घाव बसतो तिथे ती घासून आत गेलेली आहे. मुठीचे लाकूड एका बाजूने गुळगुळीत झाले आहे, कारण तो हात रोज तिथेच आवळला जातो. मुठीला गुंडाळलेली चिंधी एका साडीच्या काठाची आहे. दहा मिनिटांत कागदावर काही फार चांगले चित्र येत नाही. पण ज्याने ती मूठ काढली, त्याला ‘ऊसतोड मजूर’ हे दोन शब्द पूर्वीसारखे सहज उच्चारता येणार नाहीत. रोज चित्र काढण्याचे खरे फळ हे आहे. हात सुधारतो तो सावकाश. पाहणे मात्र पहिल्या दिवसापासून बदलते.

जी गोष्ट कोयत्याची तीच चांदबीबी महालाची. शहरातल्या मुलांना तो महाल सहलीसाठी ठाऊक असतो. नाव चांदबीबीचे पडले असले तरी ती सलाबतखानाची कबर आहे, तीन मजली आणि अष्टकोनी. आठ बाजू आहेत हे वाचून लक्षात राहत नाही. काढायला बसले की एका जागेवरून साऱ्या बाजू कधीच दिसत नाहीत, दिसतात त्याही वेगवेगळ्या रुंदीच्या दिसतात आणि प्रत्येक कमानीतला काळोख निराळा असतो, हे कळते. मग ती वास्तू विसरता येत नाही. जिल्ह्याच्या इतिहासाचा एक धडा डोळ्यांतून आत गेलेला असतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल. पाऊस लहरी झाला आहे, कांद्याचा भाव पडतो, दुधाचा दर परवडत नाही, नोकरीसाठी मुले पुण्याला आणि चाकणला पळतात. अशा ठिकाणी चित्रे काढा म्हणून सांगणे हे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत काय? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. भाव मिळण्याची, पाणी मिळण्याची लढाई चित्राने लढता येत नाही आणि तसे कोणी भासवूही नये. पण कष्टकऱ्याला फक्त पोट असते असे समजणे हाही त्याचा अपमानच आहे. जात्यावर बसलेल्या बायांनी ओव्या रचल्या, त्या पीठ पडत असतानाच रचल्या. जोर्व्याच्या कुंभाराने भांड्यावर रेघ ओढली, तिथेही दुष्काळ येतच होते. माणूस संकटात आहे म्हणून त्याच्याकडून रेषा, सूर आणि शब्द काढून घ्यायचे नसतात. त्या दिवसांतच त्याला त्यांची जास्त गरज असते. शिवाय रोजच्या चित्राला पैसा लागत नाही. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांची उरलेली कोरी पाने आणि पाच-दहा रुपयांचे पेन एवढ्यावर ते होते.

मात्र वेळेची वाटणी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे या निमित्ताने स्पष्ट बोलले पाहिजे. घरातला मुलगा वही घेऊन बसला तर कौतुक होते. त्याच घरातली सून दहा मिनिटे वही घेऊन बसली तर ‘कामे झाली वाटते’ असा शब्द कानावर येतो. बापाला चित्राचा नाद असेल तर त्याचा चहा कोणीतरी करून आणते. आईच्या चित्राच्या वेळी चहा उतू जाऊ नये म्हणून तिलाच उठावे लागते. रांगोळी चालत होती, कारण ती धर्माच्या आणि घराच्या नावावर होती. बाईने स्वतःच्या समाधानासाठी म्हणून काढलेली मिनिटे अजूनही चोरीची समजली जातात. म्हणून ज्या घरात कोणी या महिन्यात रोज चित्र काढायचे ठरवले असेल, त्या घरातल्या इतरांनी एक काम अंगावर घ्यावे. भाजी निवडावी, भांडी घासावीत, लहानग्याला बाहेर फिरवून आणावे. वेळ आकाशातून पडत नाही. एकाला मिळतो तेव्हा दुसऱ्या कोणीतरी तो दिलेला असतो, आणि देणारी व्यक्ती दरवेळी तीच असू नये.

दुसरी अडचण मोबाइलची. या आव्हानाचा प्रसार समाजमाध्यमांमुळे झाला आणि अनेकांना त्यातून सोबती मिळाले, हे खरे. परक्या गावातला कोणी आपले चित्र पाहून दोन शब्द लिहितो, त्याने हुरूप येतो. पण पंधरा मिनिटांत काढलेल्या चित्राचा फोटो काढण्यात, तो उजळ करण्यात आणि मग किती जणांनी अंगठा दाखवला ते पाहण्यात तासभर गेला, तर वेळ नाही ही तक्रार कोणाकडे करायची? नवशिक्याने तर पहिला महिना चित्र कोणाला न दाखवताच काढावे. गोपद्मे काढणाऱ्या बाईला दाद देणारा कोणी नसे, आणि तिचा नेम अडला नाही.

राहिला प्रश्न चुकलेल्या दिवसाचा. पाहुणे येतात, मूल तापाने फणफणते, रात्रपाळी लागते, शेतात लाइट रात्रीची असते. एक दिवस हुकला की पुष्कळजण सगळेच सोडून देतात. खुद्द या आव्हानाच्या कर्त्यानेच त्याला वाट ठेवली आहे. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढा, तेही होत नसेल तर आठवड्याला एक काढा. पण जे ठरवाल ते पाळा, असे तो सांगतो. ही वाट फार शहाणपणाची आहे. ज्या शेतकऱ्याला रोज पंधरा मिनिटे अशक्य आहेत, त्याने आठवडे बाजाराच्या दिवशी एक चित्र काढावे. महिन्याला चार-पाच चित्रे झाली, वर्षाला पन्नास. हुकलेले चित्र भरून काढण्यासाठी एका रात्री पाच चित्रे उरकण्यापेक्षा हुकले ते हुकले म्हणून आजचे काढणे बरे. लहान-लहान रेघा साठून काय होते ते पाहायचे असेल तर अहिल्यानगर शहरातच प्रमोद कांबळे यांनी महावीर कलादालनाच्या भिंतीवर पेन्सिलीने रेखाटलेले प्राणी-पक्ष्यांचे भव्य चित्र पाहावे. समोर उभे राहिल्यावर छाती दडपते. पण जवळ गेले की दिसतो तो पेन्सिलीचा एकेक साधा फटकारा, कोणत्याही शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीने निघावा तसा.

शाळकरी मुलांचा विषय निघालाच आहे तर या लेखाची मुख्य मागणी इथेच मांडायला हवी. मोठ्या माणसाला चित्रासाठी वेळ मिळत नाही याचे मूळ त्याच्या शाळेत आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास छापलेला असतो आणि गणिताचा किंवा विज्ञानाचा भाग मागे पडला की सर्वांत आधी त्याच तासावर हात पडतो. परीक्षा जवळ आली की तो नाहीसाच होतो. दहा वर्षे हे पाहत वाढलेले मूल एक धडा पक्का शिकते, तो म्हणजे काम असेल तेव्हा चित्र बंद. पुढे आयुष्यभर काम असतेच, त्यामुळे चित्र कायमचे बंद होते.

याच सुमारास राज्यभर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे वातावरण असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांची तयारी करणारी मुले शाळा सुटल्यावर थांबतात, कलाशिक्षक रविवारीही येतात. कित्येक पिढ्यांनी या परीक्षांतून ब्रश पहिल्यांदा हातात धरला, म्हणून त्यांचे मोल मोठे. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही उत्सुक असतात. पण गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या मुलाने दोन महिने रोज सराव केला, त्याचा हात तिसऱ्या महिन्यात थांबतो. परीक्षा संपल्यावरही दिवसाची पाच मिनिटे शाळेत चित्रासाठी राखली, परिपाठाला जोडून रोज एक छोटे रेखाटन ठेवले, तर गुणांसाठी धरलेला हात आवडीसाठी चालू राहील. त्यासाठी नवा निधी लागत नाही की नवे परिपत्रक लागत नाही. मुख्याध्यापकाने ठरवले की पुरते.

शिक्षकांची गोष्ट वेगळी. तिथे निर्णय वरूनच व्हावा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती पटसंख्या शंभरावर असेल तिथेच. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या, पाथर्डी-जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत एवढा पट कुठून येणार? म्हणजे ज्या मुलांच्या घरी रंगपेटी नाही, त्यांच्याच शाळेत कलाशिक्षक नाही. नवे शैक्षणिक धोरण कलेला इतर विषयांच्या बरोबरीने बसवायची भाषा करते. ती भाषा खरी करायची तर जवळजवळच्या चार-पाच शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्यावा आणि त्याला मानाने जगता येईल असे वेतन द्यावे. तासाच्या हिशेबाने हातावर टेकवलेल्या मानधनावर कोणताही चांगला चित्रकार वस्तीवर जाऊन मुलांना शिकवणार नाही. जिल्हा परिषदेने, शिक्षण संस्थांनी आणि सहकारी कारखान्यांनी मनावर घेतले तर हे या जिल्ह्यात होऊ शकते. १९५० मध्ये लोणीला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा तेही अनेकांना न जमणारे वाटले होते.

एवढा आग्रह एका चित्राच्या वहीसाठी कशाला, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर सीना नदीपाशी आहे. अहिल्यानगर शहराजवळच उगम पावणारी ही नदी शहरातूनच पुढे जाते. तिच्यातले सांडपाणी, काठावरचा भराव, अतिक्रमणे यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात आणि आपण पूल ओलांडून पुढे निघून जातो. शहरातल्या एखाद्या शाळेने महिनाभर दर शनिवारी मुलांना सीनेकाठी नेले आणि तिथे दिसते ते काढायला लावले, तर पाण्याचा रंग कोणत्या पेन्सिलीने भरायचा हा प्रश्न मुलांनाच पडेल. गेल्या शनिवारी इथे बाभूळ होती, ती आज का नाही, हेही तीच विचारतील. ज्या वस्तीतल्या मुलांनी आपली विहीर, आपला माळ, आपली वेस, आपल्या आईचा कोयता रोज डोळे भरून पाहिला आणि कागदावर उतरवला, त्या वस्तीत काय बदलले आणि ते कोणी बदलले, हे लपवणे अवघड होते.

म्हणून या महिन्यात घराघरांनी एकमेकांना दहा मिनिटे द्यावीत, शाळांनी चित्रकलेच्या तासावर दुसरा विषय घेऊ नये, आणि ज्यांच्या हाती जिल्ह्याच्या शिक्षणाचा पैसा आहे त्यांनी वस्तीवरच्या शाळेला कलाशिक्षक द्यावा. यांतले पहिले काम आज संध्याकाळीच करता येते. दुसरे उद्याच्या पहिल्या घंटेपासून. तिसऱ्यासाठी ग्रामसभेत, पालकसभेत आणि जिल्हा परिषदेच्या दारात बोलावे लागेल, आणि ते पुन्हा पुन्हा बोलावे लागेल.